टाकं, टँक आणि रणगाडा: इंग्रजी शब्दांच्या मुळाशी आपला किनारा कुठे कुठे सापडतो?

सुरंगी

गेल्या रविवारी भाचीला घेऊन खेडजवळच्या रसाळगडावर गेले होते. झोलाईदेवीचं दर्शन घेतलं आणि पाण्याच्या टाक्याशी बसून डबे उघडले. कातळात खोदलेलं टाकं, काठाला शेवाळाची हिरवी रेघ, पाण्यावर दोन-चार पिवळी पानं. भाची सातवीत आहे, इंग्रजी माध्यमात. वाकून पाण्यात बघता बघता एकदम म्हणाली, "मावशी, किल्ला एवढा जुना, मग ह्याला इंग्रजी नाव कसं? टाकं म्हणजे टँकच ना?"

माझी बहीण म्हणाली, "टँकचंच टाकं झालं असणार." मला ते पटेना, पण तिथल्या तिथे उत्तरही सुचेना. घरी येऊन इंग्रजी कोश काढले. तर उलटच! टँक हा शब्द इंग्रजीत आपल्या बाजूनं गेला, गुजराती टांकुं किंवा मराठी टाकं यांच्यापासून, असं कोश म्हणतात. मागे 'बहुधा' लावलंय, तेही इथे सांगायला हवं.

पुढची गोष्ट वाचून तर रात्री बराच वेळ झोप लागली नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी चिलखती गाडी बनवायला घेतली ती अगदी गुपचूप. इंग्लंडातल्या लिंकन गावच्या कारखान्यात लोखंडाचे मोठाले पेटारे तयार होताना लोकांना दिसणारच, म्हणून पाण्याच्या टाक्या बनतायत अशी हूल उठवून दिली. १५ सप्टेंबर १९१६ ला सोमच्या लढाईत त्या गाड्या पहिल्यांदा उतरल्या आणि हुलीतलं नाव कायमचं चिकटलं. म्हणजे ते 'बहुधा' खरं असेल, तर आज जगभर रणगाड्याला जे नाव आहे त्याच्या तळाशी आपल्या गडावरचं पाणी आहे.

असे अजून कुठले शब्द माहीत आहेत? किनाऱ्याशी नातं असलेले आधी सांगा, पण मूळ कळल्यावर तुम्ही थबकला असाल असा कुठलाही शब्द चालेल. भाचीच्या वहीत लिहून द्यायचेत, तेव्हा ऐकीव कुठलं आणि खात्रीचं कुठलं ते वेगळं करून सांगा, एवढीच विनंती.

खाडीकाठ

पहिला मान मुंगसाला द्या. मॉन्गूस हा शब्द इंग्रजीनं मराठीतून उचललाय. कोशात त्याच्यापुढे 'मराठी' असं छापलेलं बघितलं तेव्हा मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. त्याच्याही मागे गेलं तर तेलुगूसारख्या दक्षिणेच्या भाषा लागतात, म्हणजे आपल्यालाही तो तिकडूनच मिळाला असणार.

माझ्या मुलानं शाळेत त्याचं अनेकवचन 'मॉन्गीस' लिहिलं होतं, गूसचं गीस होतं तसं. बाईंनी लाल रेघ मारली, कारण सांगितलं नाही. शब्दातल्या 'गूस'चा त्या हंसासारख्या पक्ष्याशी काही संबंध नाही, तो आपल्या मुंगसातला 'गूस' आहे, हे त्याला मी सांगितलं. पुन्हा कधी चुकला नाही.

आंबेमोहोर

तरीच आमच्या परसातलं मुंगूस हल्ली मान वर करून चालतं!

खाडीकाठ

@आंबेमोहोर 😀 घुशीचंही ऐका. बँडिकूट हे तेलुगू पंदिकोक्कु, म्हणजे डुकरासारखा उंदीर. घूस बघितलेल्या कुणालाही हे नाव पटेल. ऑस्ट्रेलियात पिशवीवाला एक वेगळाच प्राणी आहे, त्यालाही गोऱ्यांनी तेच नाव देऊन टाकलं. नातं काही नाही, फक्त तोंड लांबट.

तांडेलाचा_नातू

जहाजाचे शब्द कुणीच काढले नाहीत अजून? कोकणचा धागा आणि पाण्यात पाय नाही?

आंग्र्यांच्या आरमारातलं गुराब सगळ्यांना माहीत असेल. कान्होजींच्या गुराबांनी इंग्रजांना इतकं पिडलं की त्यांच्या कागदपत्रांत हे नाव सारखं येतं, आणि ते लिहितात 'ग्रॅब'. मूळ अरबी गुराब, म्हणजे कावळा. इंग्रजीत 'हिसकावून घेणे' ह्या अर्थाचा ग्रॅब आहे तो निराळा, तो हॉलंड-जर्मनीकडच्या भाषांतला. आंग्रे जहाजं हिसकावायचे म्हणून ग्रॅब, असं मी स्वतः एका गाइडला सांगताना ऐकलंय. ऐकायला छान वाटतं, पण ते चूक आहे.

आता आमच्या घरातला शब्द. आजोबा मचव्यावर तांडेल होते. इंग्रजांच्या जहाजांवर आपले खलाशी असायचे तेव्हा ह्या तांडेलाचा 'टिंडल' झाला आणि इंग्रजी कोशात जाऊन बसला. खलाशाला ते लास्कर म्हणत, तो फारशी लष्कर. आणि आपण ज्याला नाखवा म्हणतो तो फारशी नाखुदा, नावेचा धनी.

आजोबांना लिहितावाचता येत नव्हतं. सुकाणूवर हात ठेवून बसायचे तेव्हा अंगठ्याजवळची कातडी मिठानं पांढरी पडलेली असायची. त्यांच्या हुद्द्याचं नाव इंग्रजी कोशात आहे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

बकुळीचा_सडा

@तांडेलाचा_नातू, शेवटची ओळ वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझ्याकडून एक: बॉम्बे डक! सुके बोंबील डाकगाडीतून जायचे, डब्याला वास यायचा, म्हणून 'बॉम्बे डाक' आणि पुढे 'डक'. आमच्या काकांनी सांगितलं होतं.

निवृत्त_दर्यावर्दी

बकुळताई, काकांचा मान राखून सांगतो, हे गणित जुळत नाही. मुंबईची पहिली आगगाडी सुटली १६ एप्रिल १८५३ ला. बोंबलाला 'बॉम्बे डक' म्हटलेलं इंग्रजी लिखाण त्याच्या कितीतरी आधीचं सापडतं. गाडीच नव्हती तर डाकगाडीचा वास कुठून येणार? 'बोंबील' गोऱ्यांच्या जिभेवर वळला नाही आणि ओळखीच्या 'बॉम्बे'कडे घसरला, हे मला जास्त पटतं. पुढे 'डक' का जोडलं ह्यावर अजून एकमत नाही.

सुरंगीताईंनी ऐकीव आणि खात्रीचं वेगळं करा म्हटलंय म्हणून ह्याच जातीचा दुसरा शब्द सांगतो. मी बोटीवर २२ वर्षं इंजिनात काढली. 'पॉश' शब्दाची गोष्ट मला पहिल्याच वर्षी सांगितली गेली: विलायतेहून मुंबईला येताना डाव्या बाजूची केबिन सावलीत, परत जाताना उजव्या बाजूची, इंग्रजीत 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'. श्रीमंतांच्या तिकिटावर त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं छापत, त्यांचा झाला पॉश. मीही पुढे पन्नास जणांना ही गोष्ट रंगवून सांगितली. पण तशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. अभ्यासक बोट दाखवतात ते रोमानी भाषेतल्या 'पॉश'कडे, म्हणजे अर्धा. अर्ध्या पेनीचं नाणं, त्यावरून पैसा, त्यावरून पैसेवाला. तेही नक्की नाही, पण तिकिटापेक्षा बळकट आहे. आणि रोमानी बोलणाऱ्यांचे पूर्वज हिंदुस्थानातूनच गेलेले, म्हणजे फिरून गाडी आपल्याच दारात.

आद्याक्षरांवरून शब्द झाला असं कुणी सांगितलं आणि शब्द शंभर वर्षांपूर्वीचा असला, तर मी आता आधी पुरावा मागतो.

बकुळीचा_सडा

पटलं काका. डाकगाडी भाचीच्या वहीतून काढून टाका. बोंबील मात्र राहू द्या. आणि आता विषय निघालाच आहे तर ओल्या बोंबलाचं पाणी काढायला पाट्याखाली ठेवायचे की नुसतं फडक्यात दाबायचे?

आंबेमोहोर

पाट्याखाली. रव्यात घोळवून. ह्यावर चर्चा नको.

पाणंद

फडक्यात! आणि तांदळाचं पीठ! (ह्याचा वेगळा धागा काढा, इथे शब्द चालू द्या.)

मी मूळचा राजापूरचा, पण नोकरी सगळी नाशकात गेली, म्हणून तिकडचा एक शब्द. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डुलाली' म्हणतात. ते आपलं देवळाली! तिथे गोऱ्या शिपायांची छावणी होती. नोकरी संपलेले शिपाई तिथे आणून ठेवायचे आणि मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट बघायला लावायचे. जहाजं ठरावीक महिन्यांतच सुटत. हंगाम चुकला की कित्येक महिने ऊन, माश्या आणि काम काहीच नाही. माणसं वेडीपिशी व्हायची. पूर्ण शब्द होता 'डुलाली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप.

हे वाचल्यापासून देवळाली स्टेशनावर गाडी थांबली की मला ती तिष्ठत बसलेली पोरं दिसतात. विशीतली असतील, घरापासून हजारो मैल लांब.

तांडेलाचा_नातू

घाटावरचा शब्द कोकणच्या धाग्यात? बरं, जहाजासाठी थांबले होते म्हणून माफ. 🙂

माजघर

मी दुसऱ्या टोकानं येते. आपल्याकडे जहाजातून उतरलेले शब्द इंग्रजीतल्या शब्दांचे सख्खे भाऊ निघतात, ते बघा.

पाव हा पोर्तुगीज शब्द, त्याच्यामागे लॅटिन पानिस, म्हणजे भाकरी. आता इंग्रजीतला 'कंपॅनियन' फोडा: 'कॉम' म्हणजे सोबत आणि तोच पानिस. एका भाकरीत वाटेकरी तो सोबती. कंपनीही त्यातूनच आली. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीतली 'पनी' आणि वडापावातला पाव एकाच भट्टीतले! स्वयंपाकघराशेजारची पँट्रीसुद्धा त्याच घरातली.

लॉर्ड शब्दातही भाकरीच आहे. जुन्या इंग्रजीत तो 'हलाफवेअर्ड' होता, पावाचा राखणदार. आणि लेडी म्हणजे पावाचं पीठ मळणारी. आपण पोशिंदा म्हणतो तसंच ना? ह्या लॉर्डचा आपल्याकडे 'लाट' झाला, लाटसाहेब. माझी आजी उगाच ऐट करणाऱ्याला 'मोठा लाटसाहेब' म्हणायची. मला लहानपणी वाटायचं समुद्राच्या लाटेवरून म्हणते.

तिसरा पगार. पोर्तुगीज पागार, म्हणजे पैसे देणे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'शांत करणे' हे क्रियापद, आणि इंग्रजी 'पे' त्याच क्रियापदाचं लेकरू. ज्याचं देणं आहे त्याला शांत करायचं, तो पगार.

आंबेमोहोर

एक तारखेला आमच्या घरी जी शांतता असते तिचं मूळ आज कळलं.

चाकरमानी_गिरगाव

@माजघर सुंदर! सॅलरीसुद्धा घ्या ना. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा म्हणून सॅलरी. आमच्या मामांची मिठागरं होती, ते फार अभिमानानं सांगायचे.

निवृत्त_दर्यावर्दी

इथेही जरा थांबावं लागेल. सॅलरीचं लॅटिन मूळ मिठाशी जोडलेलं आहे हे खरं. पण सैनिकांच्या ओंजळीत मीठ ओतत होते ह्याला रोमन काळातला आधार मिळत नाही. 'मिठाशी संबंधित शब्द' एवढंच वहीत लिहावं. मामांच्या मिठागराचा मान त्यानं कमी होत नाही.

चाकरमानी_गिरगाव

बरं काका. मग एक पक्का देतो. डंगरी! तो जाड निळ्या कापडाचा कामगारी पोशाख. ते डुंगरी कापड, आणि त्याचं नाव मुंबईच्या डोंगरीवरून. मी डोंगरीच्या चाळीत वाढलो. गोदीत जाणारी माणसं सकाळी हाच निळा पोशाख घालून जिना उतरायची. आपण राहतो त्या वस्तीचं नाव त्यांच्या अंगावर आहे, हे चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

आगर_आणि_विहीर

माका ह्यो धागो खूप आवाडलो. आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

आमचं नारळीचं आगर आहे, म्हणून नारळाचं बोलतो. काथ्याला इंग्रजीत कॉयर म्हणतात तो मल्याळम कयर, म्हणजे दोरी. सुक्या खोबऱ्याला कोप्रा, तोही मल्याळममधूनच पोर्तुगीजांनी नेला. सगळा नारळ केरळच्या वाटेनं इंग्रजीत शिरला, आपलं सुंभ आणि सोडण इथेच राहिलं. जरा वाईट वाटतं, पण पोर्तुगीज आधी कालिकतला उतरले, त्याला काय करणार!

मात्र 'कोकोनट' मधला कोको आपल्या कुठल्याच भाषेतला नाही. असोला नारळ सुळ्यावर सोलून हातात घ्या. शेंडी काढा. खाली तीन खळगे दिसतील, आपण त्यांना डोळे म्हणतो. दोन वर, एक खाली, वाकुल्या दाखवणाऱ्या तोंडासारखे. पोर्तुगीज खलाशांनाही तेच दिसलं. त्यांच्याकडे लहान मुलांना भिववायला आपल्या बागुलबुवासारखा 'कोको' असतो, वेडंवाकडं तोंड करणारा. तेच नाव त्यांनी फळाला देऊन टाकलं. आमचा नातू पाच वर्षांचा आहे, त्याला कुणी शिकवलं नाही तरी परवा सोललेला नारळ उलटा धरून म्हणाला, "आजोबा, हा बघतोय."

हरिहरेश्वर_७

मान्सून राहिला. अरबी मौसिम, म्हणजे ऋतू, ठरलेला काळ. अरबी दर्यावर्द्यांना पावसाशी कर्तव्य नव्हतं, वारा कधी फिरतो आणि गलबत कधी हाकारायचं ह्याच्याशी होतं. पोर्तुगीजांनी त्याचं मोंसांव केलं, पुढे इंग्रजांनी मान्सून. आपण मोसमी वारे म्हणतो ते त्याच घराण्यातलं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ सोडून होड्या पाण्यात जातात, तेव्हा त्या शब्दाचा जुना अर्थच पाळला जातो असं मला वाटतं.

आणि सायक्लोन. हा शब्द हिंदुस्थानातच घडवला गेला. कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन नावाचा इंग्रज वादळांचा अभ्यास करायचा. त्यानं ग्रीक भाषेतल्या सापाच्या वेटोळ्यावरून हे नाव काढलं. १८४८ मध्ये खलाशांसाठी छापलेल्या त्याच्या पुस्तकात ते आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. दुपारी वारा एका बाजूनं आला, सुपारीची झाडं काडीसारखी मोडत गेली. मग मध्येच सगळं शांत झालं. आम्हाला वाटलं संपलं. वडील बाहेर निघाले होते, आईनं हात धरून ओढलं. थोड्या वेळात वारा उलट्या बाजूनं आला आणि उरलेली कौलं नेली. वेटोळं म्हणजे काय ते त्या दिवशी समजलं. आम्ही मधल्या डोळ्यात उभे होतो आणि साप दोन्ही बाजूंनी फिरत होता. पिडिंग्टननं नाव बरोबर दिलं होतं.

पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. ते नाव म्यानमारनं दिलेलं, अर्थ पाल. सापानंतर पाल.

माजघर

@हरिहरेश्वर_७, वाचून अंगावर काटा आला. बाग पुन्हा लावलीत का?

हरिहरेश्वर_७

लावली. सुपारी धरायला अजून वेळ आहे. मध्ये केळी घेतोय.

खडू_आणि_फळा

दापोली तालुक्यात ३१ वर्षं मराठी शिकवलं, आता निवृत्त आहे. एक वेगळी वाट दाखवतो. आतापर्यंत सगळे शब्द इकडून तिकडे गेलेले किंवा तिकडून आलेले. मला भुरळ पडते ती कुणी कुणाकडून न घेतलेल्या शब्दांची. दोन लांबच्या भाषांनी एकच गोष्ट बघितली आणि एकच नाव दिलं, असे शब्द.

इंग्रजीत डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला प्यूपिल म्हणतात. लॅटिन प्युपिला, म्हणजे छोटीशी बाहुली. आणि आपण काय म्हणतो? डोळ्यातली बाहुली! मी वर्गात मुलांना जोडीजोडीनं समोरासमोर बसवायचो आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघायला सांगायचो. आधी हसाहशी. मग एखादी मुलगी ओरडायची, "सर, हिच्या डोळ्यात मी आहे!" एवढीशी, करंगळीच्या नखाहून लहान. ती बाहुली. रोमन माणसानंही कुणाच्या तरी इतकं जवळ जाऊन बघितलं असणार. विद्यार्थ्याला प्यूपिल म्हणतात तोही ह्याच कुळातला, लहान मूल ह्या अर्थावरून आलेला. त्यामुळे हा शब्द मी पहिल्याच दिवशी शिकवायचो.

दुसरा मसल. लॅटिन मुस्क्युलस, म्हणजे छोटा उंदीर. दंड वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. आपली पोरं दंड वाकवून काय दाखवतात? बेटकुळी! बेटकुळी म्हणजे बेडकी. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. पावसाळा चार महिने असलेल्या मुलखात बेडूकच दिसणार.

तिसरा विंडो. उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत विंदआउगा, म्हणजे वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे गवाक्ष, गाईचा डोळा. दोघांनाही भिंतीत डोळाच दिसला.

असा एक शब्द नीट समजला की मुलं स्वतः शोधायला लागतात. एका मुलानं मला विचारलं होतं, "सर, सुईला नाक आणि इंग्रजीत सुईला डोळा, असं का?" मी त्याला त्या दिवशी वर्गाचा मॉनिटर केलं.

सुरंगी

सर, तुमचा प्रतिसाद मी भाचीला मोठ्यानं वाचून दाखवला. ती आता घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यात डोकावतेय. मांजरही सुटलेलं नाही.

पाणंद

सरांना नमस्कार. आमचे एक गुरुजी शब्दाचं मूळ विचारलं की "परीक्षेत येणार नाही" म्हणायचे. आम्ही विचारायचंच सोडून दिलं होतं. तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

देवगड_हापूस

आंब्याचं कुणी काढलं नाही म्हणून मीच. मँगो हा मल्याळम मांगा, पोर्तुगीजांमार्फत. अल्फान्सो हे नाव पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो द अल्बुकर्कवरून पडलं असं सांगतात, आणि त्याच अफोन्सोचा घासत घासत हापूस झाला. एकाच माणसाच्या नावाचे दोन तुकडे, एक विलायतेला गेला आणि एक देवगडला राहिला.

आंबेमोहोर

रत्नागिरीला राहिला म्हणायचंय का? 🙂

देवगड_हापूस

मे महिन्यात या, चव घेऊन ठरवू. काजूचं सांगून थांबतो. काजू आणि कॅश्यू दोन्ही ब्राझीलच्या तुपी भाषेतून, अकाजू. झाड पोर्तुगीजांनी आणलं आणि नाव त्याच्यासोबतच उतरलं.

निवृत्त_दर्यावर्दी

सुरंगीताईंच्या मूळ प्रश्नाकडे वळतो, तो अर्धाच राहिलाय. टाकं आणि टँक.

पोर्तुगीजमध्ये 'तांके' असा शब्द आहे, अर्थ तळं, हौद. तो पाणी अडवणे, साठवणे ह्या अर्थाच्या त्यांच्याच क्रियापदावरून आल्याचं सांगतात. म्हणजे आपलं टाकं आणि त्यांचा तांके हे वेगवेगळे जन्मले आणि इथल्या किनाऱ्यावर भेटले, अशी शक्यता आहे. इंग्रजांनी दोन्ही ऐकले असणार. किल्लेदाराच्या तोंडून टाकं, पोर्तुगीज दुभाष्याच्या तोंडून तांके. कोशांनी 'बहुधा' लावलंय ते ह्यामुळेच. एकट्या मराठीला श्रेय द्यायला मी कचरेन.

खाडीकाठ

काका, पण टाकं पोर्तुगीजांच्या आधीपासून आपल्याकडे खोदलेलं आहे. वस्तू इथली, शब्द इथला. त्यांना तांके आठवला असेल, पण समोर दिसत होतं ते टाकंच ना?

निवृत्त_दर्यावर्दी

ते मान्य. म्हणून तर 'नाही' म्हणत नाही, 'दोन्ही' म्हणतोय.

जांभा_चिरा

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचे वडील पाथरवट. चिरेखाणीवर काम, आणि पावसाळ्यात काम बंद असलं की गावात पाटे-वरवंटे आणि जाती टाकवून द्यायचे. गुळगुळीत झालेल्या पाट्याला ज्या छिन्नीनं टोचे मारतात ती टाकी. 'पाट्याला टाकी लावायची का?' असं दारोदार विचारायचे. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ह्या म्हणीतली टाकी हीच. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी. नाणी पाडतात ती टाकसाळ ही टंकशाला, आणि टंकलेखनही त्यातलंच, ठोकून लिहायचं.

आता मला सांगा, कातळात टाकीनं खोदून काढलेला हौद म्हणजे टाकं, असं नाही का वाटत? मी कोशकार नाही, हे माझं वाटणं आहे, आणि सुरंगीताईंनी ते 'ऐकीव' मध्ये लिहिलं तरी चालेल. पण गडावरच्या टाक्याच्या भिंतीला पाणी उतरल्यावर हात लावून बघा. तिरप्या रेघा लागतात, एकाशेजारी एक, बोटभर अंतरावर. वडिलांबरोबर एकदा गेले होते, तेव्हा त्यांनी त्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा डावखुरा होता." किती शतकांपूर्वीचा कोण तो, पण त्याचा हात कुठून कुठे फिरला ते त्यांना कळत होतं.

खडू_आणि_फळा

ताई, तुमचा प्रतिसाद मी कागदावर उतरवून ठेवला. व्युत्पत्ती सिद्ध होवो न होवो, त्या रेघा मी कधी निरखून पाहिल्या नव्हत्या.

तांडेलाचा_नातू

डावखुरा! ही गोष्ट आमच्या आजोबांना आवडली असती.

निवृत्त_दर्यावर्दी

टाकी आणि टाकं ह्यांचं नातं तज्ज्ञांना विचारायला हवं, मी आजच एका ओळखीच्या भाषाअभ्यासकांना पत्र घालतो. पण जांभाताई, तुमच्या वडिलांनी जे वाचलं ते कुठल्याच कोशात मिळालं नसतं.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची चार पानं भरली. भाचीनं दोन रकाने केलेत, 'खात्रीचे' आणि 'अजून विचारायचे'. मुंगूस, डंगरी, देवळाली, पाव, बाहुली, बेटकुळी पहिल्या रकान्यात. पॉशचं तिकीट आणि डाकगाडी तिनं खोडलेत, पण खोडलेलं वाचता येईल असं. टँक दुसऱ्या रकान्यात आहे, पोर्तुगीज तांकेसकट.

जांभाताई, तुमचं वाचून तिनं एकच विचारलं: टाक्यातलं पाणी कधी उतरतं? एप्रिलअखेर परत जायचं ठरलंय. तुमचे वडील येऊ शकतील का? गाडी रस्त्यानं जाईल तिथवर नेऊ, पुढे हवं तितकं थांबत थांबत चालू.

जांभा_चिरा

गुडघे दुखतात म्हणून हल्ली कुठे जात नाहीत. तुमचा निरोप वाचून दाखवला. आत जाऊन टाकी शोधतायत.